निकालपत्राखालची सही

देशाच्या पंतप्रधान 18 मार्च 1975 रोजी अलाहाबाद हायकोर्टात साक्षीसाठी येणार होत्या. त्या येण्याआधी न्या. जगमोहनलाल सिन्हा यांनी दालनातल्या सगळ्यांना एक गोष्ट बजावून सांगितली. इंदिरा गांधी आत आल्या म्हणून कोणी उभे राहायचे नाही. न्यायालयात उभे राहण्याची रीत आहे ती न्यायाधीश आसनावर येतात तेव्हाची. पंतप्रधानांना पिंजऱ्यात उभे केले गेले नाही, बसायला खुर्ची दिली गेली. पदाचा मान राखला गेला, पण खटल्यातली त्यांची जागा एका पक्षकाराची होती आणि ती तशीच राहिली.

खटला होता 1971 च्या लोकसभा निवडणुकीचा. रायबरेलीत इंदिराजींनी राजनारायण यांना एक लाखाहून अधिक मतांनी हरवले होते आणि राजनारायण यांनी त्या निवडीला आव्हान दिले होते. चार वर्षांनी, 12 जून 1975 रोजी, न्या. सिन्हांनी ती निवड रद्द केली आणि कायद्याप्रमाणे सहा वर्षांची अपात्रता लागू झाली. आपल्या लक्षात राहतो तो एवढाच भाग. मला मात्र त्या निकालातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. राजनारायण यांचे बहुतेक आरोप न्या. सिन्हांनी फेटाळले होते. मतदारांना घोंगड्या, धोतरे आणि दारू वाटल्याचा आरोप होता. पुरावा पुरेसा नाही म्हणून तो गेला. गाय-वासरू हे चिन्ह धार्मिक असल्याचा आक्षेपही टिकला नाही. टिकले ते दोन मुद्दे. पंतप्रधान सचिवालयातले अधिकारी यशपाल कपूर यांचा सरकारी नोकरीचा राजीनामा अंमलात येण्याआधीच त्यांना प्रचाराच्या कामाला लावले, हा पहिला. उत्तर प्रदेशातल्या सरकारी अधिकाऱ्यांकडून सभांचे मंच आणि ध्वनिक्षेपकांची सोय करून घेतली, हा दुसरा.

एवढ्या किरकोळ कारणासाठी पंतप्रधानांची निवड रद्द करायची का, असे तेव्हा अनेकांनी विचारले आणि आजही विचारले जाते. प्रश्न रास्त आहे, पण तो विचारायचा कायदा करणाऱ्यांना. त्या वेळच्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात भ्रष्ट मार्गाचा वापर सिद्ध झाला की पुढचे परिणाम ठरलेले होते. समोरचा माणूस साधा उमेदवार आहे की देशाचा पंतप्रधान, हे पाहून परिणाम कमीजास्त करण्याची मुभा न्यायाधीशाला नव्हती. न्या. सिन्हांनी स्वतःच आपल्या आदेशाला वीस दिवसांची स्थगिती दिली, म्हणजे वरच्या न्यायालयात जाण्याची वाट मोकळी ठेवली. ज्याला नाव गाजवायचे आहे तो इतके आरोप फेटाळत बसत नाही आणि स्थगितीही देत नाही. ज्याला घाबरून सुटका करून घ्यायची आहे तो उरलेले दोन मुद्देही फेटाळतो. त्यांनी दोन्ही केले नाही. हातातल्या कागदांनी जिथपर्यंत नेले तिथपर्यंत ते गेले, आणि थांबले.

न्यायाधीशाच्या धैर्याची गोष्ट सांगताना आपण नेहमी सत्तेला दिलेल्या टकरेकडे पाहतो. सत्तेची भीती दिसते तरी. लोकांच्या संतापाची भीती तितकी सहज दिसत नाही, कारण त्या संतापात आपण स्वतःही असतो.

26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबईवरच्या हल्ल्याचा खटला आठवा. आर्थर रोड तुरुंगातल्या विशेष न्यायालयात न्या. एम. एल. तहलियानी यांच्यासमोर तो चालला. अजमल कसाबविरुद्धचा पुरावा ढीगभर होता आणि मे 2010 मध्ये त्याला फाशीची शिक्षा झाली. पण त्याच खटल्यात फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद हे आणखी दोन आरोपी होते. हल्लेखोरांना मुंबईचे नकाशे पुरवल्याचा आरोप त्यांच्यावर होता. ठार झालेल्या एका हल्लेखोराच्या खिशात नकाशा सापडल्याचे सरकार पक्षाचे म्हणणे होते. न्या. तहलियानी यांना प्रश्न पडला की, कपडे रक्ताने माखलेले असताना खिशातला कागद इतका स्वच्छ कसा राहिला? त्यांनी दोघांना त्या कटातून निर्दोष सोडले. हायकोर्टाने 2011 मध्ये आणि सुप्रीम कोर्टाने 2012 मध्ये ती निर्दोष सुटका कायम ठेवली.

ज्या शहराने शेकडो जखमी आणि दीडशेहून अधिक मृत पाहिले, त्या शहरात बसून हा निकाल द्यायचा होता. दोन जणांना सोडले म्हणून कोणी न्यायाधीशाची मिरवणूक काढणार नव्हते. तरी माझ्या मते त्या निकालाचे वजन या सुटकेत आहे. कसाबला शिक्षा झाली ती पुराव्यावर झाली, रागावर झाली नाही, याची साक्ष जगासमोर दुसऱ्या कशाने दिली असती?

आपल्या उच्च न्यायालयांच्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना पद स्वीकारताना शपथ घ्यावी लागते ती भीती, पक्षपात, ममत्व आणि आकस यांपासून दूर राहण्याची. भीतीबद्दल सगळे बोलतात. ममत्वाचे काय करायचे हा त्याहून अवघड प्रश्न आहे. आपली माणसे, आपली जात, आपला वर्ग, आपली राजकीय मते, वकिलीच्या दिवसांतले ऋणानुबंध हे सगळे सोबत घेऊनच माणूस त्या खुर्चीवर बसतो. ते नाहीत असे भासवून ते जात नाहीत.

याचे एक उदाहरण मुंबई हायकोर्टाच्या इतिहासात आहे आणि मराठी माणसाने ते नीट पाहण्यासारखे आहे. 1897 मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला भरला गेला, तेव्हा त्यांना आधी जामीन नाकारला गेला होता. मग अर्ज न्या. बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यापुढे आला. तय्यबजी 1887 च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष होते, नेमस्त विचारांचे होते; टिळकांच्या राजकारणाशी त्यांचे सूत जुळणारे नव्हते. त्यांनी जामीन दिला. आरोपी पळून जाणार नाही, आणि बचावाची तयारी करायला तो मोकळा हवा, एवढे त्यांना पुरेसे वाटले. त्या अर्जावर टिळकांची बाजू मांडणारे बॅरिस्टर होते दिनशा दावर. पुढे दावर न्यायमूर्ती झाले, आणि 1908 मध्ये टिळकांवरचा दुसरा खटला त्यांच्याच पुढे उभा राहिला. या वेळी दावरांनी जामीन नाकारला. ज्युरीतल्या सात युरोपियनांनी दोषी आणि दोन पारशांनी निर्दोष असा कौल दिला, दावरांनी बहुमत मान्य करून सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा दिली आणि ती देताना आरोपीविषयी अत्यंत कठोर शब्द वापरले. पुढे 1956 मध्ये त्याच दालनाबाहेर निकालावर टिळकांनी दिलेल्या उत्तराचे शब्द कोरलेला फलक बसवला गेला, तो मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्या हस्ते.

यावरून तय्यबजी चांगले आणि दावर वाईट एवढाच निष्कर्ष काढला तर फार काही हाती लागणार नाही. विचारांनी लांबचा असलेला न्यायाधीश जामीन देतो आणि एके काळचा वकीलच तो नाकारतो, यातून एवढे दिसते की, माणसाची आधीची नाती पाहून त्याच्या निकालाचा अंदाज बांधता येत नाही. म्हणूनच न्यायाधीश ‘आपला’ असावा ही इच्छा फोल आहे. तो कोणाचा आहे यापेक्षा तो कारणे काय देतो, हे पाहावे लागते.

कारणे देणे हीच न्यायाधीशाची खरी कसोटी आहे. मंत्र्याला आपल्या निर्णयाचे समर्थन सभेत करता येते, संपादकाला अग्रलेखात. न्यायाधीशाला आपल्या निकालाबद्दल बाहेर बोलता येत नाही, टीकेला उत्तर देता येत नाही. जे काही म्हणायचे ते निकालपत्रात, खाली स्वतःची सही करून. हरलेल्या माणसाला ते वाचून वरच्या न्यायालयात दाखवता आले पाहिजे की, इथे इथे चूक झाली. सत्तेलाही तोच नियम. सरकारने एखाद्याला उचलून तुरुंगात टाकले, तर ‘का?’ हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आपण न्यायाधीशाच्या हाती ठेवला आहे. तो प्रश्न विचारणेच न्यायालयाने नाकारले तर काय होते, हे आपण एकदा पाहिले आहे.

12 जूनच्या निकालावर सुप्रीम कोर्टाचे न्या. कृष्ण अय्यर यांनी 24 जूनला सशर्त स्थगिती दिली आणि 25 जूनच्या रात्री आणीबाणी आली. दोनच दिवसांनी राष्ट्रपतींच्या आदेशाने घटनेच्या 14, 21 आणि 22 या अनुच्छेदांखालचे हक्क न्यायालयात मागण्याचा अधिकार स्थगित झाला. ‘मिसा’ या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली हजारो माणसे तुरुंगात गेली. अटकेची कारणे कैद्याला तर नाहीच, न्यायालयालाही सांगायची नाहीत, अशी तरतूद कायद्यात घातली गेली. आपल्याकडचे समाजवादी, संघाचे, कम्युनिस्टांमधले, संघटना काँग्रेसचे असे सगळ्या रंगांचे कार्यकर्ते येरवडा, नाशिक, नागपूरच्या तुरुंगांत एकत्र आले. अनेकांनी बेकायदा अटकेतून सुटकेसाठी हेबियस कॉर्पसचे अर्ज केले. सरकारचे म्हणणे होते की, हे अर्ज ऐकताच येणार नाहीत. नऊ हायकोर्टांनी सरकारचे म्हणणे मानले नाही. अटक कायद्यात बसते की नाही एवढे तरी आम्ही पाहू, असे त्यांनी सांगितले. त्यात मुंबई हायकोर्टाचे नागपूर खंडपीठ होते, हे आपण अभिमानाने लक्षात ठेवावे.

याच काळात मुंबईत वकिलांना कायद्याचे राज्य या विषयावर एक खासगी सभा घ्यायची होती, छागला बोलणार होते. पोलीस आयुक्तांनी परवानगी नाकारली. न्या. तुळजापूरकर यांच्या खंडपीठाने डिसेंबर 1975 मध्ये तो नकार रद्द केला. चार भिंतींच्या आत बसून घटनेवर बोलण्यासाठीही हायकोर्टाचा दरवाजा ठोठावावा लागत होता, असे ते दिवस होते.

नऊ हायकोर्टांच्या निकालांविरुद्ध सरकार सुप्रीम कोर्टात गेले. ‘एडीएम जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल’ या नावाने तो खटला ओळखला जातो. पाच न्यायाधीश बसले: सरन्यायाधीश अजितनाथ राय, हंसराज खन्ना, मिर्झा हमीदुल्ला बेग, यशवंत विष्णू चंद्रचूड आणि प्रफुल्लचंद्र भगवती. सुनावणीत खन्नांनी ॲटर्नी जनरल नीरेन डे यांना विचारले की, अनुच्छेद 21 मध्ये स्वातंत्र्याबरोबर जीवितही आहे. मग एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून कोणाचा जीव घेतला तर? डे यांचे उत्तर असे होते की, आणीबाणी चालू असेपर्यंत त्यावरही न्यायालयात दाद नाही. सरकारचा युक्तिवाद किती दूर जातो हे त्या एका प्रश्नाने उघडे पडले. बाकीच्या चार न्यायाधीशांनीही ते उत्तर ऐकले होते.

28 एप्रिल 1976 रोजी चार विरुद्ध एक असा निकाल लागला. चौघांनी सरकारचे म्हणणे मान्य केले. चंद्रचूडांनी आपल्या निकालात आशा व्यक्त केली की, मांडल्या गेलेल्या भयंकर शक्यता या देशात कधी प्रत्यक्षात येणार नाहीत. पण नागरिक न्यायालयात येतो तो आशा घ्यायला येत नाही. त्याला दाद हवी असते. खन्नांनी वेगळा निकाल लिहिला. त्यांचे म्हणणे मुळात साधे होते. जीवित आणि स्वातंत्र्य हे राज्यघटनेने दिलेले दान नाही. घटना येण्याआधीही या देशात कायद्याच्या आधाराशिवाय कोणाला कैदेत टाकता येत नव्हते. तेव्हा अनुच्छेद 21 बंद केला म्हणून सरकार कायद्याच्या बाहेर जाऊन उभे राहत नाही. ब्रिटनमध्ये 1941 साली, ऐन महायुद्धात, लॉर्ड ॲटकिन यांनीही एकट्याने असाच वेगळा निकाल लिहिला होता. खन्नांपुढे ती परंपरा होती.

निकालाची किंमत त्यांना ठाऊक होती. आत्मचरित्रात त्यांनी लिहिले आहे की, निकालाआधी हरिद्वारला गंगेच्या काठावर त्यांनी आपल्या बहिणीला सांगितले होते: या निकालामुळे माझे सरन्यायाधीशपद जाईल. तसेच झाले. जानेवारी 1977 मध्ये राय निवृत्त होत असताना ज्येष्ठतेने खन्नांची पाळी होती. सरकारने बेग यांना नेमले. खन्नांनी राजीनामा दिला.

इथे रामशास्त्री प्रभुण्यांची आठवण येणे अपरिहार्य आहे. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि त्याचा डाग रघुनाथरावांवर होता. माहुलीच्या या न्यायाधीशाने राज्यकर्त्यालाच देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले, ही कथा बखरींनी आणि लोकस्मृतीने आपल्यापर्यंत पोचवली. ‘रामशास्त्री बाणा’ हा शब्द आपण त्यावरून घेतला. पण पेशवाईत न्यायाधीशाला राज्यकर्त्यापासून वेगळे उभे राहायला जागाच नव्हती. नोकरी त्याचीच, जहागीर त्याचीच. रामशास्त्र्यांच्या हाती निघून जाणे एवढेच होते आणि ते त्यांनी केले. घटनेने आजच्या न्यायाधीशाला बसून राहण्याची सोय करून दिली आहे. सर्वोच्च आणि उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला सरकार काढू शकत नाही. त्यासाठी संसदेच्या दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यांचे बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन-तृतीयांश मत लागते, तेही गैरवर्तन किंवा असमर्थता सिद्ध झाल्यावर. त्याचे वेतन कारकिर्दीत कमी करता येत नाही. त्याच्या कामकाजातल्या वर्तनाची चर्चा संसदेत, पदच्युतीचा ठराव सोडला तर, करता येत नाही. खन्ना म्हणूनच आधी लिहू शकले आणि मग गेले. लिहिलेले मागे राहिले.

या सोयी पुरेशा नाहीत हेही त्याच काळाने दाखवले. न्यायाधीशाला काढता येत नसले तरी त्याची बदली करता येते. 1976 मध्ये हायकोर्टांच्या 16 न्यायाधीशांच्या बदल्या झाल्या. पत्रकार कुलदीप नय्यर यांची अटक बेकायदा ठरवणाऱ्या दिल्ली हायकोर्टाच्या दोघांपैकी न्या. रंगराजन यांना गुवाहाटीला पाठवले गेले आणि न्या. आर. एन. अग्रवाल यांना, ते अतिरिक्त न्यायाधीश होते म्हणून, कायम न करता पुन्हा सत्र न्यायाधीश केले गेले. नागपूर खंडपीठावरचे अतिरिक्त न्यायमूर्ती उ. र. लळीत यांनाही कायम केले गेले नाही. त्यांचे चिरंजीव उदय लळीत 2022 मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले. नेमणूक आणि बदलीची सूत्रे कोणाकडे असावीत यावरचा वाद त्या अनुभवातून पेटला. 1993 च्या निकालाने ती न्यायाधीशांच्या कॉलेजियमकडे गेली आणि 2015 मध्ये नेमणूक आयोगाचा कायदा रद्द झाल्याने तिथेच राहिली. बंद दाराआडच्या निवडीचे दोष त्यात आहेत आणि ते दूर झाले पाहिजेत. निवृत्तीनंतर मिळणाऱ्या पदांचा प्रश्नही तसाच लोंबकळत आहे, आणि माझ्या मते तो जास्त घातक आहे, कारण बदलीची शिक्षा उघड दिसते, पुढच्या खुर्चीची आशा दिसत नाही.

एडीएम जबलपूरच्या निकालाचे पुढे काय झाले? 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने ठरवले की, आणीबाणीतही अनुच्छेद 20 आणि 21 स्थगित करता येणार नाहीत. भगवतींनी म्हातारपणी आपली चूक जाहीरपणे मान्य केली. आणि 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणाच्या हक्काचा निकाल देताना सुप्रीम कोर्टाने तो जुना निकाल चुकीचा ठरवून रद्द केला. त्यातले मुख्य निकालपत्र लिहिणारे न्या. धनंजय चंद्रचूड हे यशवंतराव चंद्रचूडांचे पुत्र. बहुमताचे चारही निकाल गंभीरपणे सदोष होते, असे त्यांनी नोंदवले. यशवंतराव पुण्याचे, मराठी माणसांना ज्यांचा अभिमान वाटावा असे कायदेपंडित, सर्वांत दीर्घकाळ सरन्यायाधीश राहिलेले. विद्वत्ता त्यांच्याकडे कमी नव्हती. म्हणून केवळ बुद्धिमान आणि विद्वान माणसे न्यायासनावर बसवली की काम झाले, असे मला मानता येत नाही.

मग न्यायाधीशाचा कणा येतो कुठून? एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली आहे. जगमोहनलाल सिन्हा हायकोर्टात येण्याआधी जिल्हा पातळीवर न्यायाधीश होते. खन्ना 1952 मध्ये जिल्हा आणि सत्र न्यायाधीश झाले, दहा वर्षांनी पंजाब हायकोर्टात गेले. दिल्लीचे अग्रवाल सत्र न्यायालयातून आलेले. कसाबच्या खटल्याच्या वेळी तहलियानी सत्र न्यायाधीशच होते. एडीएम जबलपूरच्या बहुमतातले चौघे मात्र थेट वकिलीतून हायकोर्टात आलेले. यावरून नियम काढता येत नाही. वकिलीतून आलेल्या कितीतरी न्यायाधीशांनी त्याच काळात कैद्यांच्या बाजूने निकाल दिले. तरी मला यात काहीतरी खरे दिसते. खालच्या न्यायालयात अनुच्छेद आणि सिद्धांत नंतर येतात, आधी समोर माणूस येतो. हातात बेडी, अंगावर कालचेच कपडे, दाराशी रडणारी आई. अटक हा शब्द तिथे नुसता शब्द राहत नाही. साक्षीदार खोटे बोलताना कसा दिसतो आणि पंचनामा कसा रचला जातो, हे वर्षानुवर्षे पाहिलेल्या माणसाला ‘सरकारवर विश्वास ठेवा’ हा युक्तिवाद पुरेसा वाटत नाही. खन्नांनी नीरेन डेंना विचारलेला पोलिसाच्या वैराचा प्रश्न हा सत्र न्यायालयात बसलेल्या माणसाचा प्रश्न आहे.

म्हणून मला तालुक्याच्या कोर्टाबद्दल बोलायचे आहे. महाराष्ट्रात लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर आणि प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी होणारी मुले-मुली बहुधा तिशीच्या आतबाहेरची असतात. (तीन वर्षांच्या वकिलीची अट 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा घातली, ती योग्यच वाटते.) अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभे करावे लागते. घटनेतली ही हमी खरी ठरते की खोटी, हे त्या तरुण न्यायाधीशाच्या पाच-दहा मिनिटांवर ठरते. पोलीस रिमांड मागतात. केस डायरी पाहायची, आरोपीला विचारायचे: मारहाण झाली का, घरच्यांना कळवले का, वकील आहे का? कोठडी द्यायची तर तिची कारणे लिहायची, हे कायद्याने बंधनकारक आहे. 2014 च्या अर्नेश कुमार खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितले की, कारणे न लिहिता यांत्रिकपणे कोठडी देणाऱ्या न्यायदंडाधिकाऱ्यावर हायकोर्टाने खातेनिहाय कारवाई करावी. कबुलीजबाबाचेही तसेच. तो नोंदवण्याआधी आरोपीला समजावून सांगावे लागते की, तू बोलायला बांधील नाहीस आणि बोललास तर ते तुझ्याविरुद्ध वापरले जाऊ शकते. तो नको म्हणाला तर त्याला पोलीस कोठडीत परत पाठवता येत नाही. ही एक बारीकशी तरतूद आहे, पण किती शहाणपणाची! नाही म्हणणाऱ्याला ज्यांच्या भीतीने तो हो म्हणणार होता त्यांच्याच हाती द्यायचे नाही.

आता त्या न्यायाधीशाचे दिवस पाहा. बोर्डावर शंभराच्या घरात प्रकरणे. एक साक्षीदार आला आहे, वकील तारीख मागतो आहे. टंकलेखकाची जागा रिकामी. गाव लहान, सगळे एकमेकांना ओळखणारे. आमदार, ठेकेदार, फौजदार, बार असोसिएशनचे अध्यक्ष हे सगळे त्याच रस्त्यावर भेटणारे. लग्नाचे निमंत्रण येते, सत्काराचे येते, गणपतीच्या आरतीचे येते. जायचे की नाही? सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशांनी 7 मे 1997 रोजी न्यायिक जीवनमूल्यांची एक सोळा कलमी संहिता स्वीकारली. तीत नातेवाईक व जवळच्या मित्रांखेरीज कोणाची भेटवस्तू घेऊ नये, शेअरांचा सट्टा करू नये, क्लबच्या निवडणुका लढवू नयेत, वकिलांशी फार घसट ठेवू नये, प्रलंबित विषयांवर जाहीर मते देऊ नयेत असे सांगितले आहे. दिल्लीत हे पाळणे अवघड आहेच, पण तालुक्यात त्यासाठी जो एकटेपणा सोसावा लागतो त्याची नोंद कुठेच होत नाही. मुलांना शाळेत मित्र आणि आईवडिलांना शेजारी जपून निवडावे लागतात. रिमांड नाकारला तर दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात ‘आरोपी मोकाट’ असा मथळा येतो आणि न्यायाधीशाला उत्तर देता येत नाही.

त्याला मदत आपण करू शकतो, आणि तीही फार थोड्या कष्टात. आपली न्यायालये खुली असतात. काही अपवाद सोडले तर कोणालाही आत जाऊन बसता येते. कॉलेजातल्या मुलांना घेऊन जा, निवृत्त असाल तर स्वतः जा. मोबाइल बंद करून मागच्या बाकावर बसा आणि रिमांडची कामे ऐका. आरोपीला काही विचारले गेले का, त्याच्या बाजूने कोणी बोलले का, कोठडीचे कारण सांगितले गेले का, याकडे लक्ष द्या. आणि पुढच्या वेळी एखाद्या न्यायाधीशाने तुम्हाला न आवडणाऱ्या माणसाला जामीन दिला, तर त्याच्यावर राग काढण्याआधी त्याचा आदेश मिळवून वाचा. बरेचसे आदेश आणि निकाल आता न्यायालयांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात.